पाच पोळ्यांची परवानगी

प्रयागबाईंच्या हाताला काहीतरी झालंय, हे सगळ्यांत आधी चुलीला कळलं. मडक्यावर टाकायला उचललेली लांबपोळी त्यांच्या मनगटावरून घसरली आणि सरळ निखाऱ्यात जाऊन पडली. जुनी शुक्रवारी वस्तीतल्या त्या घरात चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. प्रयागबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, कोणाचं लक्ष नाही याची खात्री केली आणि चिमट्याने पोळी राखेत ढकलून दिली.

लांबपोळी ज्यांनी नुसती खाल्ली आहे त्यांना तिचं कौतुक असतं. ज्यांनी करून पाहिली आहे त्यांना तिची धास्ती असते. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, मीठ आणि पाणी, एवढंच साहित्य. पण ते पीठ चांगलं सैल भिजवायचं आणि तार सुटेपर्यंत, म्हणजे तासभर, परातीत आपटत राहायचं. मग त्याचा गोळा उचलायचा, हातावर झेलायचा, पंजा पालथा करायचा, पुन्हा उताणा करायचा. तो गोळा लोंबत, वाढत मनगटावरून कोपरापर्यंत आला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पसरून द्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळा कारभार बाईच्या हातावर. प्रयागबाईंची पोळी दोन हात लांब निघे आणि तिच्यातून पलीकडे उभा असलेला माणूस ओळखू येई. गल्लीत कोणाकडे आमरसाचं जेवण ठरलं, की लोक आधी प्रयागबाईंना विचारत आणि मग आंबे आणत.

तर असा तो हात. आता त्याच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना सारख्या मुंग्या येत होत्या. कोपराच्या चार बोटं खाली आत काहीतरी ठसठसत होतं. प्रयागबाईंनी पंधरा दिवस कोणाला काही सांगितलं नाही. सोळाव्या दिवशी सासूच्या हातात द्यायला नेलेली चहाची कपबशी मधल्यामध्ये सुटली आणि गुपित फरशीवर फुटलं.

सासू म्हणजे रंभाबाई. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात एकही नाही, पण त्यावाचून त्यांच्या तोंडाचं काही अडत नसे. त्यांनी फुटलेल्या बशीकडे पाहिलं, मग सुनेच्या बोटांकडे पाहिलं, आणि निदान करून टाकलं.

"वात हाये हा. रुईचं पान शेकून लाव, तेल लाव, अन वरून फडकं बांध. आवळून बांधजो वं. सैल बांधलं तं वात मानत नाई."

प्रयागबाईंनी आवळून बांधलं. रोज सकाळी रंभाबाई स्वतः गाठ ओढून पाहत आणि सैल वाटली तर आणखी एक पीळ देत. होळी झाली, पाडवा आला. वात काही मानला नाही. उलट आता प्रयागबाईंना लुगड्याची निरी धड खोचता येईना. नवरा नत्थूजी गिरणीतून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे. तो एका सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "हे असं नाई चालनार. दवाखान्यात दाखवू." नत्थूजी वर्षातून दोन-तीनदाच काही ठरवत असे, त्यामुळे त्याचं कोणी मोडत नसे.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात दाबून, वळवून, टोचून पाहिला. "लकवा वगैरे काही नाही. नस दबली आहे," म्हणाले, आणि चिठ्ठी देऊन व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे पाठवलं. खोलीवर 'व्यायामोपचार' अशी पाटी होती. प्रयागबाईंना वाटलं, आत तालमीसारखी माती असेल. आत एक लाकडी बाक होतं, भिंतीला एक चाक बसवलेलं होतं, आणि पांढरा कोट घातलेली, लांब वेणीची, पंचविशीतली एक मुलगी होती. तिचं नाव प्रेमिला. माहेर नरखेडकडचं, बाप संत्र्याचा बागाईतदार.

प्रेमिलाने सगळ्यांत आधी ते फडकं सोडलं. खाली कातडीवर पट्ट्यासारखा वळ उठला होता.

"हे कोणी बांधलं, मावशी?"

"आमच्या आत्याबाईनं. वात हाये म्हनून."

प्रेमिलाने वळावर बोट ठेवलं आणि जरा दाबलं. प्रयागबाईंच्या अंगठ्यापर्यंत झिणझिणी गेली.

"पाहा, नस नेमकी इथंच दबली आहे. घागऱ्याच्या नेफ्यातून नाडी जाते ना, तशी ही नस या स्नायूतून जाते. पंजा पालथा करायचं काम हा स्नायू करतो. तुम्ही त्याला इतकं राबवलं की तो झाला जाड आणि ताठ, अन आतली नाडी गेली अडकून. वरून तुमच्या आत्याबाईंनी त्याच जागेवर गाठ मारली. तुम्ही काम काय करता असं?"

प्रयागबाईंनी काम सांगितलं. प्रेमिलाने करून दाखवायला लावलं. दवाखान्याच्या खोलीत, नसलेल्या पिठाचा नसलेला गोळा प्रयागबाईंनी झेलला, पालथा केला, उताणा केला. प्रेमिला मोजत होती. एका पोळीला पंजा बावीस वेळा पालथा झाला.

"अन एका बैठकीला पोळ्या किती?"

"पन्नास. साठ. लग्नाचं घर असलं तं मोजत नाई बाप्पा."

प्रेमिलाने मान हलवली आणि रक्तदाब मोजायची रबरी पिशवी गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ती दाबली की पारा वर चढे, त्यावरून पंजाची ताकद कळे. उजव्या हाताने पारा चाळिसाशी जाऊन थांबला. मग डाव्या हाताची पाळी आली. प्रयागबाईंनी सहज मूठ आवळली आणि पारा दीडशेच्या वर गेला. प्रेमिलाने पिशवी तपासली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा दाबायला लावली. पारा पुन्हा तिथेच.

"मावशी, तुम्ही डावऱ्या आहात का?"

"नाई," प्रयागबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन म्हणाल्या, की प्रेमिलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पण पुढे काही विचारलं नाही.

प्रयागबाई डावऱ्याच होत्या. चौदाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांनी भाकरी डाव्या हाताने थापली, भाजी डाव्याने चिरली आणि पहिली लांबपोळी डाव्या हातावर झेलली. रंभाबाईंनी कपाळाला हात लावला. डावा हात धुण्याचा. त्याचं केलेलं देवाला चालत नाही, पितरांना चालत नाही, आणि जावयाच्या पानात पडलं तर मग विचारूच नका. रंभाबाईंनी एक पदराचं फडकं घेतलं आणि सुनेचा डावा हात तिच्याच कमरेला बांधून टाकला. स्वयंपाकाची वेळ झाली की हात बांधायचा, स्वयंपाक आटोपला की सोडायचा. हे सहा महिने चाललं. सातव्या महिन्यात रंभाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "आमची सून उजवी झाली." त्या दिवसापासून प्रयागबाई उजव्या होत्या. नत्थूजी सोडला तर हे आता कोणाला आठवतही नव्हतं, आणि नत्थूजी असल्या गोष्टी बोलत नसे.

प्रेमिलाने आता उजवा हात ॲल्युमिनियमची पट्टी आणि कापूस लावून कोपरापासून बोटांपर्यंत बांधून टाकला. "तीन आठवडे याला काही काम सांगायचं नाही. मग मेणाचा शेक, मग व्यायाम. पोळ्यांचं मी सांगेन तेव्हा."

"अन धोंड्याचं कसं?" प्रयागबाईंनी विचारलं.

सन ऐंशी होतं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, म्हणजे भर आंब्याच्या दिवसांत धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना जावयाच्या लाडाचा. प्रयागबाईंच्या एकुलत्या एका कुसुमचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालेलं, काटोलच्या शाळेतल्या शरच्चंद्र मास्तरांशी, त्यामुळे हा जावयाचा पहिलाच धोंडा. आणि त्या घरची रीत अशी, की धोंड्याच्या जेवणात जावयाच्या पानात पडणारी पहिली पोळी सासूच्याच हातची हवी. सासूच्या अंगात बळ नसेल तर नात्यातली दुसरी बाई करते, पण मग लोक म्हणतात, सासू सरली. प्रयागबाईंचं वय चोपन्न होतं. इतक्यात सरायची त्यांची तयारी नव्हती.

"किती दिवस आहेत?" प्रेमिलाने विचारलं.

"आठ हप्ते."

"मग मी म्हणेन ते सगळं करा. पाहू."

प्रयागबाई घरी आल्या. रंभाबाईंनी पट्टीकडे पाहून नाक मुरडलं. "बांधूनच ठेवाचा होता तं माह्या फडक्याले काय झालं होतं?" पण इंग्रजी औषधाची पट्टी म्हणून त्यांनी ती सोडायला लावली नाही.

आणि मग एक गंमत झाली. उजवा हात सरकारी हुकमाने बांधलेला, तेव्हा घरातली कामं करायला राहिला कोण? चाळीस वर्षं पडून असलेला डावा हात कामाला लागला. पहिल्या दिवशी जरा बिचकत, दुसऱ्या दिवशी सरळ. झाडू डाव्याने, रांगोळी डाव्याने, सुईत दोरा डाव्याने. रांगोळीचे ठिपके इतके नेटके पडले की शेजारणीने विचारलं, कुसुम आली का माहेरी? रंभाबाई हे सगळं पाहत आणि गप्प बसत, कारण दवाखान्यापुढे त्यांचं चालत नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांनी बजावली. "अन्नाले तो हात लावू नको." स्वयंपाकाला नत्थूजीच्या मावसबहिणीची सून येऊन जाई. ती करी ते जेवण्यासारखं असे, एवढंच म्हणता येईल.

दुपारी रंभाबाई दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांमागे झोपत. तीन ते साडेचार, घड्याळ लावावं अशी झोप. एका दुपारी प्रयागबाईंनी मूठभर पीठ सैल भिजवलं, मागच्या टिनाच्या शेडखाली गेल्या, आणि चोरून आंबा खाणाऱ्या पोरीसारख्या इकडेतिकडे पाहत गोळा डाव्या हातावर घेतला. पहिला गोळा चुलीपर्यंत पोचलाच नाही, जमिनीवर पडला. दुसऱ्याला भोक पडलं. चौथ्या दिवशी गोळा डाव्या मनगटावरून उतरत कोपरापर्यंत आला आणि तिथे थरथरत, अखंड लोंबत राहिला. प्रयागबाई त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना इतका आनंद झाला की पोळी भाजायची सोडून त्या एकट्याच हसत सुटल्या. मग पोळी भाजून, मीठ-तेल लावून त्यांनी उभ्याउभ्याच खाऊन टाकली, म्हणजे पुरावा राहायला नको.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली आणि दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटे, आणि आत प्रेमिला त्यांचा हात वितळलेल्या गरम मेणात बुडवायची. एकदा बुडव, काढ, पुन्हा बुडव. हातावर मेणाचा पांढरा मोजा चढे. प्रयागबाईंना हे पसंत पडलं. "मेन आज जरा थंडच हाये," असं त्या सांगत, आणि प्रेमिलाने तपासलं की ते खरंच थंड निघे. मग व्यायाम. कोपर सरळ, पंजा उताणा, बोटं मागे, आणि दहा आकडे मोजायचे. ठसठस झाली की थांबायचं. रोज तीन वेळा, न चुकता.

एक दिवस प्रेमिलाने बोटांच्या ताकदीसाठी, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखा एक गोळा दाबायला दिला. प्रयागबाईंनी तो दोनदा दाबला आणि खाली ठेवला.

"हे कोनं भिजवलं, वं?"

"ते विकत मिळतं, मावशी."

"म्हनूनच." दुसऱ्या दिवशी त्या पितळी डब्यात घरून कणीक घेऊन आल्या, आणि त्या आठवड्यात खोलीतले सगळे रोगी त्याच कणकेचे गोळे दाबत होते. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने सांगितलं, या औषधाने भूक लागते.

त्याच दिवशी प्रेमिलाचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. नखांत पीठ होतं, आणि कोपराच्या आतल्या बाजूला पिठाचा सुकलेला ओघळ.

"मावशी, खरं सांगा. हा हात काय करून राहिला?"

प्रयागबाईंनी नखांतलं पीठ काढलं. मग त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचं ते फडकं, कमरेची गाठ, सहा महिने, सगळं सांगून टाकलं. बाहेरच्या माणसाला हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या. सांगताना त्यांना आपल्या सासूचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज, जणू गुन्हा त्यांचाच होता.

प्रेमिलाला मात्र राग आला. "म्हणजे जो हात या कामाचा होता तो बांधून ठेवला, अन जो नव्हता त्याला मरेस्तोवर राबवलं. नस दबेल नाही तर काय? मावशी, औषध तर तुमच्याजवळच आहे. पोळ्या डाव्या हातानं करा."

"आत्याबाई जित्या हायेत तवर नाई. अन जवाईच्या पानात तं बिलकुलच नाई."

"त्यांना नका सांगू."

"चुलीसमोर बसून राह्यते नं म्हातारी. दात नाई, पन डोये हायेत."

यावर प्रेमिलाकडे व्यायाम नव्हता. धोंड्याच्या जेवणाला चार दिवस राहिले तेव्हा तिने पुन्हा पारा मोजला. उजवा हात एकशे दहापर्यंत आला होता, मुंग्या जवळजवळ थांबल्या होत्या. तिने पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, "उजव्यानं पाच पोळ्या. सहावी नाही. सहावी केली तर आठ हप्त्यांची मेहनत पाण्यात."

"पाच पुष्कळ झाल्या," प्रयागबाई म्हणाल्या. "मले तं पयलीच पाह्यजे."

जेवणाच्या आदल्या दिवशी रामटेकहून रुखमाबाई आली. ही प्रयागबाईंची चुलत जाऊ. हिची पोळी दीड हाताच्या पुढे कधी जात नसे, आणि हे गल्लीला ठाऊक आहे याचं तिला दुःख होतं. येताना ती आपलं मडकं घेऊन आली होती, बसमधून, मांडीवर. "तुह्या हाताचं आयकलं, जीव राहिला नाई," ती म्हणाली. "तू आराम कर. जवाईची पयली पोळी मी करतो." प्रयागबाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं, की पहिल्या पाच माझ्या, बाकीच्या सगळ्या तुझ्या.

जेवायला माणसं बावीस. सकाळपासून पीठ आपटायचं काम रुखमाबाईकडे होतं, त्यामुळे प्रयागबाई मोकळ्या होत्या, आणि मोकळं बसायची त्यांना सवय नव्हती. दोन टोपल्या आंबे भिजत पडले होते. रस काढायचा होता. प्रेमिलाने पोळ्यांचं सांगितलं होतं, आंब्यांचं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा प्रयागबाई पाट घेऊन बसल्या आणि आंबा माचून मऊ करून, पिळून, कोय दाबून, दोन्ही टोपल्यांचा रस काढून मोकळ्या झाल्या. अन्नाचं काम, म्हणून इमानाने उजव्या हाताने. शेवटच्या कोयीला अंगठ्यात एक बारीक मुंगी चालली. त्यांनी हात झटकला आणि पाण्यात बुडवला.

बारा वाजता पानं मांडली. शरच्चंद्र मास्तर मधल्या पाटावर बसले, नवा सदरा, कपाळाला गंध, आणि सगळे आपल्याकडे पाहत आहेत म्हणून मान खाली. शेजारी ओळीने बाकीचे. मागचं दार उघडं होतं आणि तिथून टिनाच्या शेडखालची चूल समोर दिसत होती. दाराच्या उंबऱ्याला लागून रंभाबाई आपलं पान घेऊन बसल्या होत्या, अशा की इकडे जावई दिसावा आणि तिकडे चूल दिसावी.

प्रयागबाईंनी पदर खोचला आणि गोळा उजव्या हातावर घेतला. पालथा, उताणा, पालथा. गोळा लोंबायला लागला. रुखमाबाई आपल्या मडक्याशी थांबून पाहत होती. आठव्या वेळी अंगठा बधिर झाला. दहाव्या वेळी शेजारची दोन बोटं गेली, आणि प्रयागबाईंना कळलं की आंब्यांनी त्यांच्या पाचही पोळ्या खाऊन टाकल्या आहेत. गोळा मनगटावरून घसरायला लागला. खाली निखारे होते.

त्यांनी ठरवलं असं काही नाही. ठरवायला वेळच नव्हता. घसरता गोळा डाव्या हाताने वरच्यावर झेलला, पालथा केला, उताणा केला, आणि तो त्या हातावरून असा उतरत गेला की कोपर मागे राहिलं. प्रयागबाई दोन पावलं मागे सरल्या, त्याला जागा द्यायला. मग त्यांनी तो मडक्यावर पसरला. मडकं झाकून पोळी दोन्ही बाजूंनी खाली लोंबली. रुखमाबाईने आपलं मडकं चुलीवरून उतरवलं नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पोळी भाजून निघाली. प्रयागबाईंनी ती घडी घालून ताटलीत ठेवली आणि मग वळल्या, कारण आता वळायलाच हवं होतं. नत्थूजीने पाण्याचं तांब्या-भांडं उगाच सरळ केलं.

"प्रयागे," रंभाबाई म्हणाल्या.

"जी."

"थे पोळी जवाईबापूले वाढू नको."

शरच्चंद्र मास्तरांनी मान आणखी खाली घातली. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रयागबाई ताटली धरून उभ्या राहिल्या. पाच हप्ते मेणात हात बुडवला होता तो या एका पोळीसाठी, आणि ती त्यांच्या हातात होती, आयुष्यातली सगळ्यांत चांगली, आणि तिला पान नव्हतं. रुखमाबाई लगबगीने म्हणाली, "मी करतो नं दुसरी, आत्ता करतो—"

"तू थांब, वं." रंभाबाईंनी आपलं पान थोडं पुढे सरकवलं. "आधी मले वाढ. काई खोट असन त्या हातात तं पयले माह्या पानात पडू दे. माह्या वयाले काई होत नाई."

प्रयागबाईंना क्षणभर समजलंच नाही. मग त्या पुढे झाल्या, उंबऱ्याशी वाकल्या आणि पोळी वाढायला उजवा हात पुढे केला. बोटं अजून बधिर होती, पोळी धड धरवेना.

"त्याले आराम सांगतला नं तुह्या डाक्टरीननं," रंभाबाई म्हणाल्या. "कायले तरास देतं? ज्यानं केली, त्यानंच वाढ."

प्रयागबाईंनी डाव्या हाताने पोळी वाढली. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. रंभाबाईंनी घडी उलगडली, तुकडा तोडला, रसात बुडवला आणि बिनदाती तोंडात घोळवत राहिल्या. बावीस माणसं हात आवरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. दात नसल्यामुळे याला वेळ लागला.

"लग्नाच्या पयल्या सालीबी अशीच झाली होती तुही पोळी," शेवटी त्या म्हणाल्या. त्या सुनेकडे पाहत नव्हत्या, पानाकडे पाहत होत्या. "याच्यापेक्षा लांब झाली होती. मले तशी कधीच जमली नाई. म्या पाह्यली होती, अन पाहूनबी हात बांधला."

प्रयागबाई तशाच वाकून उभ्या होत्या. त्यांनी सासूच्या पानात आणखी थोडा रस वाढला, तोही डाव्या हाताने.

"आता उभी काहून राहिली?" रंभाबाई म्हणाल्या. "जवाई भुकेला बसला हाये. कर त्याची."

प्रयागबाई चुलीकडे वळल्या आणि परातीतला दुसरा गोळा त्यांनी डाव्या हातावर घेतला.